नाकावाचून भट्टी

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू कॉमन सेन्सवर प्रबंध लिहितेस हे काकांना वाचून दाखवलं, तर हसून हसून त्यांना ठसका लागला. किल्ली आत ठेवून दार ओढून घेणारी आमची भाची, आणि विषय काय, तर म्हणे कॉमन सेन्स. असो. लिही बाई.

इकडची बातमी बरी नाही. तापातून उठले, पण नाकाला कसलाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित, कदाचित नाही. इतकी वर्षं पाव वासावर काढला गं. परवा दोन ट्रे जळून कोळसा झाले आणि मी तिथेच उभी होते. सोळा तारखेला, रविवारी, इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाई नमुना बघायला येणार आहेत. तिथला रोजचा पाव मिळाला तर भट्टी टिकेल, नाहीतर बंद. काका म्हणतात, सगळेच म्हणतात, की साधा कॉमन सेन्स आहे, नाक गेलं तर भट्टी आवरावी. भट्टी सोडून मी दिवसभर करू काय, ते कोणी सांगत नाही. मला फार भीती वाटते.

वेळेवर जेवत जा. माझा जीव तुझ्यात आहेच, तुझाही इकडे असू दे.

तुझी मावशी

ता. ८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडू आलं, मग राग आला. तुझा नव्हे, त्या ‘सगळेच म्हणतात’चा. (एक किल्ली आता शेजारच्या आजींकडे असते, हे काकांना कळव.)

चारचौघांना पटतं ते कॉमन सेन्स, हा अर्थ फार नंतरचा. खूप जुन्या काळी एका ग्रीक विचारवंताला वेगळाच प्रश्न पडला होता. उदाहरण माझं, मिठाचं. पांढरं आहे हे डोळ्याला कळतं, खारट आहे हे जिभेला. पण दोन्ही एकाच चिमटीत आहेत हे कळतं कोणाला? डोळ्याला चव नाही, जिभेला रंग नाही. म्हणजे आत कुठेतरी सगळ्यांची मिळून एक सामाईक जाण असणार, जिथे पाचही जणी आपापली खबर आणून टाकतात. मूळ कॉमन सेन्स ती.

आता सांग, एक जण रजेवर गेली म्हणून बाकीच्या चौघी घरी जातात का? सुट्टीत मी तुझ्याशेजारी उभी असायचे. तू पाव उलटा करून बोटाने वाजवायचीस, कानाशी धरायचीस, कडा निरखायचीस. तुला वाटतं सगळं नाकानेच केलं. काकांना बाहेर बसव आणि भट्टी पेटव.

काकांना नमस्कार, जरा फुगून. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी भिंगरी

ता. १६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

जिंकलो गं. पीठ फुगतंय तोवर लिहिते.

आठवडाभर सराव केला, बिघडलेले पाव काकांनी मुकाट्याने खाल्ले. आज बाई वेळेआधीच आल्या. काका बाहेर कुठले बसतात! वास सुटला तसे ‘काढ, काढ’ म्हणून मागे लागले. माझा हात गेलाही होता. पण कडा फिकट होत्या, आणि एक ओढून वाजवला तर आवाज भद्द आला. तो परत आत ढकलला. बाई घड्याळ बघत होत्या, काका घाम पुसत होते, पण मी थांबले. पुन्हा वाजवला तेव्हा कडा तांबूस होत्या, आवाज पोकळ आला, हाताला हलका लागला, साल बोटाखाली करकरली, आणि तुझ्या चौघींतल्या तिघी एकदम म्हणाल्या, आता. तुझ्या प्रबंधात घाल हे.

बाईंनी पाव मोडला, दाबला, आणि उभ्या उभ्याच अर्धा संपवला. उद्यापासून रोज पाठवा म्हणाल्या, आणि उरलेला अर्धा पिशवीत टाकला. काका लगेच गल्लीभर सांगून आले, जणू त्यांनीच भाजला होता.

सगळे गेल्यावर मी गरम पाव नाकाशी धरला. काही आलं नाही. डोळे भरले. मग तो काकांना दिला आणि कसा वास येतोय ते विचारलं. डोळे मिटून ते बराच वेळ सांगत बसले. निम्मं खोटं असेल, पण मी सगळं ऐकून घेतलं, आणि उद्याचं पीठ मळायला घेतलं.

अशीच भांडत राहा माझ्याशी, लोभ त्यातच कळतो.

तुझी मावशी