एक पॅसेंजर उतरायचा राहिला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच मान्य करून घे). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. अण्णांचं विचारशील तर झटक्याने लुळा पडलेला उजवा हात अजून तसाच आहे; बोलणं मात्र पूर्ण सुधारलं आहे, विशेषतः माझ्याबद्दलचं.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी त्यांना एक रबरी चेंडू दिला होता, रोज शंभरदा दाबायला. अण्णांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर टाकला. दुसराही टाकला. तिसरा देताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आत्ता अंगठा हलता झाला नाही तर कायमचा आखडेल. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं पंच केलेला अंगठा, ताई. मला ऐकवेना. मग डोक्यात किडा वळवळला, की आपल्या लहानपणच्या त्या गेमच्या मशीनसाठी आपणच एक गेम लिहायचा. एक बटण दाबलं की तिकीट पंच, दुसरं दाबलं की घंटी. (हसू नकोस. जुन्या मशीनसाठी हौसेने गेम लिहिणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींचे संसारही टिकून आहेत.)

लिहिणं एक वेळ जमतं. पण लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा कंपायलर नावाचा एक इसम असतो, तो थेट आपल्या गणिताच्या बाईंच्या वळणावर गेलेला. पहिल्याच दिवशी त्याने एकशे बारा चुका काढल्या. मी एक अर्धविराम टाकला, तर तीनच उरल्या. खुशीत येऊन आणखी एक दुरुस्ती केली, तर दोनशे झाल्या. मग गेम त्या मशीनच्या पोटात मावेना, म्हणून ढग काढले, झाडं काढली, जड मनाने ड्रायव्हरची मिशी काढली (तुझ्या भावजयीच्या मते माझीही काढायला हरकत नव्हती). शेवटी एकच चूक राहिली, तीही म्हणे शेवटच्या ओळीत. शेवटची ओळ कोरी होती. कोऱ्या ओळीत चूक करण्याइतका मी काही हुशार नाही.

चार दिवस डोळे फोडले. दुकानात दिवसभर लोकांना चष्मे लावून देणारा मी, मला काही म्हणजे काही दिसेना. पाचव्या दिवशी अण्णांनी पलंगावरून विचारलं, काय हरवलंय. मी सांगितलं, की यात प्रत्येक कंस उघडला की बंद करावा लागतो, आणि कुठेतरी एक बंद करायचा राहिलाय. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे चढले किती आणि उतरले किती, एवढंच ना? कागद आण."

सात पानं छापून दिली. डाव्या हातात पेन्सिल घेऊन अण्णा मोजायला बसले. फेरी संपली की गाडी रिकामी दिसली पाहिजे, हा त्यांचा नियम. जेवायला हाक मारली तर "थांबा" म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी कुणाला थांबवण्याची ही पहिलीच वेळ. कागद सरकू नये म्हणून उजवा हात त्यांनी कधी पुढे ओढून त्यावर ठेवला, हे त्यांनाही कळलं नाही. पाचव्या पानावर पेन्सिल थांबली. "हा बघ. घंटीच्या फेरीत एक पॅसेंजर उतरायचा राहिलाय."

मी तिथे कंस टाकला. एकही चूक नाही. मला रडू आलं हे तुला सांगायला लाज वाटत नाही, कारण तू मला याहून क्षुल्लक कारणांसाठी रडताना पाहिलं आहेस.

तुझा धाकटा

ता.क. गेम कॉम्प्युटरवर चालतो, पण कीबोर्डला अण्णांचा अंगठा वळत नाही. त्याला ती जुनी जाडजूड बटणंच हवीत. मशीन तुझ्या माळ्यावर आहे. (लग्नानंतर तू ते 'सांभाळायला' नेलंस, हे मी अठरा वर्षं अजिबात मनाला लावून घेतलेलं नाही.) कुरिअरने पाठव.

ता.क. २. अण्णांनी पत्र वाचलं. कुरिअर खोडायला सांगताहेत, ते लोक आपटतात म्हणे. दवाखान्यात ते तुला म्हणाले होते, "मला असं बघायला येऊ नकोस." तू ते मनावर घेतलंस, आणि आठ महिने झाले. मी त्यांना सरळच विचारलं, ताईला ये म्हणून लिहू का? त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "तिला लिही, घरातली माणसं दोनदा मोजली. एक कमी भरतंय."