‘येतो’ म्हणजे येतो नव्हे

मालमड्डी, धारवाड
बुधवार, सकाळचे साडेदहा

तीर्थस्वरूप अनसूयाअक्काच्या चरणी धाकटा भाऊ बाळकृष्ण याचा साष्टांग नमस्कार. (मनाने. शरीराने तो या घटकेस का शक्य नाही, हे योग्य ठिकाणी येईल.)

या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: मी धारवाड सोडून चंडीगडला राहावयास जाणार नाही, जाण्याचे मी कधीही कबूल केलेले नाही, आणि गेल्या दहा दिवसांत जो गोंधळ झाला तो सर्वस्वी एका शब्दाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे झाला. (या तीन गोष्टी झाल्या असे तू म्हणशील. त्या एकाच गोष्टीची तीन अंगे आहेत.)

तत्पूर्वी, तुझा डावा गुडघा कसा आहे ते कळव. उजव्याविषयी तू काही लिहिले नाहीस म्हणून तो ठीक असावा असे मी धरून चालतो, जरी मौन हे आरोग्याचे प्रमाण नव्हे. तेल कोमट करून लाव आणि मिरजेच्या त्या वैद्याकडे जाऊ नकोस. ज्या माणसाने एकच काढा गुडघ्याला आणि दम्याला दिला, त्याचे निदान चूक असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे.

आता मूळ विषय. आपला संजीव सात वर्षे चंडीगडला आहे, हे तुला ठाऊक आहेच. तेथे त्याने आता नवे घर पाहिले आहे. वर तो, त्याची बायको प्रियांका आणि आमची नात उत्तरा राहतील आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि इंदुमती, अशी योजना. तुम्ही येणार असाल तरच ते घर घेतो, आणि घरमालकाला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे, असे तो म्हणाला. मी विचार करतो म्हणालो. छत्तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने ‘विचार करतो’ म्हटल्यावर त्याला किमान एक वर्ष द्यावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी पुन्हा फोन झाला. मी माझे आक्षेप क्रमाने मांडले. पहिला भाषेचा. मी धारवाडात भांडतो कानडीत आणि समेट करतो मराठीत; चंडीगडला दोन्ही हिंदीत करावे लागेल, आणि माझी हिंदी ही हुबळीच्या भाजीबाजारात शिकलेली असल्याने तिच्यात ‘कायकू’च्या पुढे युक्तिवाद सरकत नाही. दुसरा नगररचनेचा. ज्या शहराने सेक्टर मोजताना कित्येक वर्षे बारानंतर एकदम चौदा म्हटले (हल्ली म्हणे कडेच्या एका वस्तीला तेराचे नाव देऊन भरपाई केली आहे, परंतु उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर लिहिलेले उत्तर मी कधीच तपासलेले नाही), त्या शहरात तर्कनिष्ठ माणसाने पत्ता तरी कसा सांगावा? तिसरा ज्वारीच्या भाकरीचा. (पेढ्याचा मुद्दा मी जाणूनबुजून घेतला नाही. तो भावनिक आहे.) मधेच उत्तराने फोन हातात घेऊन काहीतरी विचारले, ते प्रस्तुत विषयाशी संबंधित नसल्यामुळे येथे देत नाही. त्यानंतर मी ‘बरं, येतो’ असे म्हणालो आणि संभाषण संपले.

अक्का, आपल्या घरात ‘जातो’ म्हणून कोणी उंबरा ओलांडलेला तुला आठवतो का? वडील कोर्टात निघताना ‘येतो’ म्हणत. मुंजीनंतर मी पहिल्यांदा एकटा शाळेत निघालो आणि ‘जातो’ म्हणून गेलो, तेव्हा तूच मला कोपऱ्यावरून कान धरून परत आणलेस, पाटावर बसवलेस, चमचाभर दही हातावर घातलेस आणि ‘येतो’ म्हणवून घेऊन पुन्हा सोडलेस. कानडीतही ‘होगि बर्तेन्रि’ म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. तात्पर्य, धारवाडचा सभ्य माणूस दिवसातून दहा वेळा ‘येतो’ म्हणतो आणि दहाही वेळा जातो. पण प्रियांका अंबाल्याची. ती मराठी पुस्तकावरून शिकली. तिचे व्याकरण संजीवपेक्षा शुद्ध आहे, आणि संकट नेमके तेथेच आहे. पुस्तकात ‘येतो: येणे या धातूचे वर्तमानकाळी रूप’ एवढेच दिलेले असते. ती ओरडली, “अप्पा येतो म्हणाले!” आणि मी खुलासा करीपर्यंत तिने दुसऱ्या फोनवरून घरमालकाला कळवूनही टाकले.

इंदुमती शेजारीच उभी होती. तिला आपली रीत पूर्ण माहीत आहे. तिने चूक दुरुस्त करावी की नाही? ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरून लोणच्याच्या बरण्या उतरवू लागली.

मी तिला शांतपणे समजावले की इच्छा हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, होऊ शकत नाही. त्यावर तिने जे उत्तर दिले ते शब्दशः देतो, कारण छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून मला असे उत्तर मिळाले नाही. ती म्हणाली, “जिथं धूर तिथं अग्नी, हे तुम्ही जन्मभर पोरांना घोकायला लावलंत. तसं जिथं नात तिथं आजी. झालं?” मी दाखवून दिले की हा नियम सदोष आहे; आजच उदाहरण घे, नात चंडीगडला आणि आजी धारवाडला, म्हणजे नियम मोडला. ती म्हणाली, “मोडलाय खरा. तोच दुरुस्त करायला चाललेय. चौदा तारखेची दोन तिकिटं काढलीत. तुमच्या जागेवर तुम्ही बसा, नाहीतर मी बरण्या ठेवीन.”

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही सर्वांत जास्त दूर राहिलो ते अकरा दिवस, तिच्या भाच्याच्या लग्नात. त्या अवधीत तीनदा दूध उतू गेले आणि एकदा मी स्वतःला घराबाहेर कुलूप लावून घेतले. हा मुद्दा मी तिच्यासमोर मांडला नाही, कारण तो कोणाच्या बाजूचा आहे याविषयी माझे मत अद्याप निश्चित नाही.

पुढील बुधवारी ती मला लोकरीचे कपडे घ्यायला हुबळीला, लॅमिंग्टन रोडवर घेऊन गेली. मी विरोध केला नाही, कारण भर वैशाखात हुबळीत स्वेटर मिळणार नाही आणि हा पुरावा माझ्याच बाजूचा ठरेल असा माझा अंदाज होता. दुकानदार राजू हा मूळचा इचलकरंजीकडच्या घराण्यातला, तीन पिढ्या हुबळीत. “अण्णा, डिसेंबरचा माल मे महिन्यात मागणारं गिऱ्हाईक देवासारखं,” असे म्हणत त्याने माळ्यावरून एक पेटी काढली आणि मी काही बोलण्यापूर्वी माझ्या डोक्यावर माकडटोपी चढवली. टोपी चष्म्यासह आत गेली, पण चष्म्यासह बाहेर येईना. कानातले यंत्र लोकरीत गुंतून शिट्टी वाजवू लागले. अशा अवस्थेत माझा जुना विद्यार्थी प्रभंजन, जो आता वकिली करतो, दुकानात शिरला आणि म्हणाला, “नमस्काररी सर! डोळ्यांवरूनच ओळखलं. उत्तरेला चाललात म्हणायचं?” मी ‘नाही, मुळीच नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगितले, परंतु लोकरीतून बाहेर पडेपर्यंत त्यातले नकार आतच राहिले असावेत. इंदुमती म्हणाली, “चौदा तारखेला.” वकील मनुष्य एवढा पुरावा पुरेसा मानतो.

परिणामी शनिवारी संध्याकाळी आमच्या मालमड्डीच्या वाचकमंडळाने माझा निरोपसमारंभ केला. मी आनंदाने गेलो. साठ माणसे एकाच ठिकाणी खुलासा ऐकण्यास आयती बसलेली असताना घरोघर कशाला जावे? मी पंचेचाळीस मिनिटे बोललो. मी जाणार नाही हा सिद्धांत, त्याची कारणे, विहीर आणि मासा यांचा दृष्टांत, सर्व काही मांडले. विहिरीपाशी आलो तेव्हा पुढच्या रांगेतून हुंदके ऐकू आले. अध्यक्ष नेत्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, “इतक्या जड पावलांनी गाव सोडणारा माणूस मी पाहिला नाही.” मग शाल, वेलदोड्यांचा हार, नारळ. नारळ हातात घेऊन माणसाने वाद घालू नये असा संकेत आहे, म्हणून मी दाराकडे वळलो. आता दारात उभे राहून काय म्हणावे? ‘जातो’ म्हणणे अभद्र, शिवाय असत्य. मी म्हणालो, “बरं, येतो.” साठ माणसे एका सुरात ओरडली, “होगि बर्रि सर!” आणि टाळ्या.

यानंतर एकच उपाय राहिला, सामान नेणाऱ्यालाच थांबवणे. इंदुमतीने नागोजीला सांगून ठेवले होते. हा एरवी अमरगोळच्या बाजारपेठेत मिरचीची पोती पोहोचवतो. सोमवारी मी त्याला फोन केला: “नागोजी, आमचा बेत नाही, सामानाला हात लावायचा नाही. ठेवतो.” याहून निःसंदिग्ध वाक्य मराठीत रचता येईल असे मला वाटत नाही. आज सकाळी आठ वाजता तो टेम्पो आणि दोन गडी घेऊन दारात हजर. मी जाब विचारला. तो म्हणाला, “सर, लाइनीत खरखर हुती. तुमीच म्हनालासा की, सामान, ठेवतो. म्हटलं भाईर काढून ठेवताय. आमी आलो.” मी त्याला सांगितले की फोन खाली ठेवताना माणूस ‘ठेवतो’ म्हणतो, मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो आहे, आणि त्याचा सामानाशी संबंध नाही. तो म्हणाला, “आता मोबाईल कुठं ठेवताय सर, खिशात तर घालताय.” मी खिसा चाचपला; मोबाईल तेथेच होता. तेवढ्या अवकाशात त्याच्या गड्यांनी माडीवरचे माझे पुस्तकांचे कपाट उचलले.

मी जिन्याच्या माथ्यावर उभा राहून सिद्ध केले की सहा फुटी कपाट साडेतीन फुटी वळणातून जाणार नाही. नागोजी म्हणाला, “जातंय सर, जातंय.” कपाट जिन्याच्या मध्यावर अडकले. ते आता वरही येत नाही, खालीही जात नाही. नागोजी सुताराला आणायला गेला आहे. मी कपाटाच्या वरच्या बाजूस आहे. इंदुमतीने दोरीला बांधलेल्या पिशवीतून मला उप्पीट वर पाठवले आणि खालून विचारले, “मग? धारवाड सोडायचं नाही ना? राहा तिथंच.” हे पत्र मी त्याच माडीवर बसून लिहीत आहे आणि त्याच पिशवीतून खाली सोडणार आहे. इंदुमती ते पोस्टात टाकील. ती पाकीट उघडणार नाही अशी माझी श्रद्धा आहे. अनुमान वेगळे आहे.

तेव्हा निष्कर्ष असा: ‘येतो’ हा निरोपाचा शब्द आहे, संमतीचा नव्हे. मी तो निरोपादाखल उच्चारला. म्हणून मी संमती दिलेली नाही, आणि जो माणूस स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर जाऊ शकत नाही, तो चंडीगडच्या तळमजल्यावर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक,
बाळकृष्ण

ता. क. १. ‘आज्ञाधारक’ हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. आपल्या शास्त्रात ज्ञानाची चार साधने आहेत: प्रत्यक्ष पाहणे, अनुमान, साम्यावरून ओळखणे, आणि विश्वासू माणसाचा शब्द. माझे अनुमान वर पूर्ण झालेच आहे आणि त्यात कोणी दोष काढू शकणार नाही. पण वडीलधाऱ्याच्या शब्दापुढे धाकट्याने अनुमान बाजूला ठेवावे, यात अनुमानाचा पराभव होत नाही. या घरात माझ्याहून वडील असे आता तुझ्याशिवाय कोणी उरलेले नाही. तरी तू ‘बाळू, मुकाट्याने जा’ अशी एक आज्ञा करावीस. पत्र वेळेत पोहोचणार नाही, फोन कर. मात्र इंदुमतीच्या फोनवर कर, स्पीकर लावायला सांग, आणि मी दोनदा विरोध करीपर्यंत थांब. तिसऱ्यांदा करणार नाही.

ता. क. २. चौदा तारखेची गाडी मिरजेवरून जाते. ही केवळ माहिती आहे. ज्वारीच्या भाकरी आठ पुरतील, लसणीची चटणी कोरडी असावी. तू स्वतः जिना चढून फलाटावर येऊ नकोस, तुझ्या नातवाला, सूरजला, पाठव.

ता. क. ३. सुतार आला आहे. त्याने कपाटाचे पाय काढले, कपाट एका क्षणात वळले आणि खाली गेले. पुस्तके बाहेर काढताना मागच्या खणात खडूची जुनी पेटी सापडली. तीत तेरा खडू आहेत. मी दोनदा मोजले. त्यामुळे पाकीट बंद करण्यापूर्वी पुढील दुरुस्ती करणे मला भाग आहे.

वरील पत्रात एक चूक आहे. मी फोन संपवताना ‘येतो’ म्हणत नाही. मी ‘ठेवतो’ म्हणतो. त्या रविवारी उत्तराने विचारले होते, “अज्जा, बारानंतर चौदा, मग तेरा कुठं गेलं? इथं कुणालाच सांगता येत नाही. तू येऊन सांगतोस?” ‘बरं, येतो’ हे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

चूक कबूल.
(सही) बाळकृष्ण