दुसरा सर्व्हर तयार आहे

३ मार्च, बिश्केक
आजपासून नवी व्यवस्था. आमच्या बसतिकिटांचा डेटाबेस आता एका नव्हे, दोन सर्व्हरवर. गिऱ्हाइकं आली की लोड बॅलन्सर ती दोन्हीकडे वाटून देणार. एक आडवा झाला तर दुसरा आपोआप काम उचलणार. मॅनेजर साल्तानातताईंनी विचारलं, पहिला बंद करून बघितलास का? म्हटलं, ताई, चालतं यंत्र कशाला बंद करायचं? त्यांनी माझं वाक्य वहीत टिपून घेतलं. प्रभाव पडला असावा.

७ मार्च
किरकोळ तक्रार. पहिल्यावर विकलेली सीट दुसऱ्यावर बराच वेळ रिकामीच दिसते. माहितीची नक्कल तिथे उशिरा पोचते. शेजारच्या टेबलावरचा आझिम म्हणाला, आधी नेटवर्क तपास. मुळातच संशयी मनुष्य. मी सुटसुटीत उपाय केला. नक्कल थांबवली, सगळी गिऱ्हाइकं पहिल्याकडे वळवली. तात्पुरतं. तक्रारी बंद.

९ मार्च, सकाळ
'नक्कल बंद आहे' असा इशारा सारखा मोबाइलवर येतो. मला माहीत आहे, मीच बंद केली. इशारा गप्प केला. इंजिनियरला मनःशांती हवी.

१४ मार्च
नक्कल आज सुरू करणार होतो. पण काल सासुरवाडीला मटण-शेवयांचं बेशबारमाक जरा जास्त झालं. जड पोटाने नाजूक काम करू नये. सोमवारी नक्की.

१७ मार्च
सोमवार. नोरुझच्या सणाची गर्दी सुरू. अशा वेळी हात लावणं बेजबाबदारपणाचं. ताईंनी विचारलं, दुसरा सर्व्हर तयार आहे ना? म्हटलं, तयार आहे. चालू तर आहेच.

१९ मार्च, दुपार
एवढी गर्दी एकट्या पहिल्याला झेपली नाही. पडला. आणि दुसरा आपोआप पुढे आला, कुणी बोटही न लावता. तिकीटविक्री अखंड. मी ऑफिसभर सांगत फिरलो. अभिनंदन करायचं सोडून आझिमने विचारलं, नारिनच्या बसमध्ये इतक्या सीटा रिकाम्या कशा? सकाळी तर फुल होती.
खुर्चीत बसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दुसऱ्याकडे सात तारखेपर्यंतचीच माहिती. नंतर गेलेल्या सीटा त्याने पुन्हा विकल्या. त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तालान्त, उद्या स्टँडवर तू उभा राहायचंस.

२० मार्च
स्टँड. एकेका सीटला दोन-दोन धनी. नारिनच्या बसमध्ये उमसुनाय नावाच्या आजींच्या जागेवर एक पैलवान. तिकीट त्याचंही खरं. म्हणाला, आजी, उठतो मी, पण मग मला घरी कोण नेणार? कंपनीने जादा बस काढली, तीही भरली. आजी बाकावर बसून राहिल्या. भांडल्या नाहीत, त्यानेच जास्त टोचलं. एवढंच म्हणाल्या, पणतवाला पाळण्यात मी ठेवायचं आहे रे. थांबतील का ते माझ्यासाठी?
शेवटी माझी गाडी काढली. स्वतःहून. ताई मागेच उभ्या होत्या, हा योगायोग.

२१ मार्च, परतीच्या वाटेवर
डोलोन घाटात बर्फ होता, तरी काल नारिनला पोचलो. पाळणा खोळंबला होता. बाळ झोपून गेलं होतं, त्याला उठवून आजींनी पाळण्यात पुन्हा झोपवलं. वाटेत आजींनी विचारलं होतं, तू काय काम करतोस बाबा? म्हटलं, कंपनीचा ड्रायव्हर.
आज निघताना त्यांनी बोरसोकच्या दोन पुरचुंड्या हातात दिल्या. तळणीतून नुकतेच काढलेले, गरम. म्हणाल्या, एक तुझी. दुसरी त्या कॉम्प्युटरवाल्या पोराला दे. काल सगळा स्टँड त्याच्या नावाने बोटं मोडत होता, जेवला असेल की नाही कोण जाणे.
माझी पुरचुंडी घाट लागायच्या आधीच संपली. त्याची शेजारच्या सीटवर आहे. भूक आहे, पण उघडवत नाही.