काळूची गाठ आणि काळी खपली

मंगळवार, संध्याकाळ. जव्हार.

मुंबईच्या लॅबमधून काळू कुत्र्याचा रिपोर्ट आला. त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीची गाठ साधी की कॅन्सरची, ते मी कापून पाठवलेल्या तुकड्याच्या मार्कर तपासणीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा पाहून, कळणार होतं. लिहिलंय, तुकडा जळलेला आहे, मार्कर वाचता येत नाहीत. जळलेला? बाटलीत, तुकडा टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये काय जळणार?

सूर्यमाळला काळूच्या मालकाला, लहानूभाऊंना, फोन लावला.

"डाग दिला ना मी, कोयता तापवून. तुमी बोलला, औषध लावू नको. नाय लावला."

खरंच, तेवढंच बोललो होतो. पहिल्यांदा कुत्रं आणलं तेव्हा मी गुरांच्या लसीकरणात अडकलेलो. "औषध लावू नका, पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवस ते कण्हत राहिलं, आणि घरात कोयता होता. त्यांनी आपल्या परीने इलाजच केला. पण मी? पंधरा दिवसांनी तुकडा काढताना ती काळी खपली दिसली होती मला. चाटून झालेली जखम समजलो आणि हाताशी आली म्हणून तिथूनच कापलं. इतकी वर्षं या भागात काढून डाग ओळखता येत नाही? निदान विचारायचं तरी. थकलो होतो, हे काय कारण झालं!

आता पुन्हा कापायचं. खपलीपासून लांब, खोल. तसं सांगितलं.

"मंग तवर काय करू? लय कण्हतो."

"औषध लावू नका" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. उद्याचं लसीकरण राहू दे. म्हटलं, "सकाळी मीच येतो."

"बरा. मंग कोयता काढतो चुलीतला."