बॉयलरवरचा आळ

श्रूजबरी,
२ जुलै

प्रिय नॉरिस,

गेल्या मंगळवारी मी मिलमध्ये येऊन गेलो. तू गुडघा दाखवायला इस्पितळात गेला होतास असं चहाच्या खोलीतल्या मॉरीनने सांगितलं. बरंच झालं. तू समोर असतास तर मी एखादं वाक्य फेकून तरातरा निघून गेलो असतो आणि मनातलं मनातच राहिलं असतं. कागदावर निदान मध्येच कोणी चहा विचारत नाही.

मी आलो तो तिकीट काढून आलो. हसू नकोस. गिलियनने मला इथल्या ज्येष्ठांच्या मंडळात घातलंय. बाप दिवसभर खिडकीशी बसतो हे तिला बघवत नाही. मंडळाची बस दर महिन्याला कुठेतरी जाते. एप्रिलमध्ये कोळशाची खाण झाली, मे महिन्यात तो लोखंडी पूल झाला. खाणीत डोक्यावर टोप्या चढवून आम्हा तीस म्हाताऱ्यांना पाळण्यातून खाली सोडलं. एका बाईंनी मला विचारलं, “यातलं तुम्हाला काही कळतं का हो?” मी म्हटलं, “थोडंफार.” त्यानंतर त्या बाई बसमध्ये माझ्या शेजारीच बसतात आणि पुलाचे खिळे कसे ठोकले ते मला समजावून सांगतात. चांगल्या आहेत. नाव आत्ता आठवत नाही.

तर जूनच्या सहलीचं पत्रक आलं. त्यात आपल्या मिलचं नाव होतं आणि खाली छापलं होतं, ‘चालू इंजिनासह’. मी ते तीनदा वाचलं. गिलियनला चष्मा लावून वाचायला लावलं. ती म्हणाली, “बाबा, नका जाऊ, उगीच त्रास होईल.” मला वाटलं, ती गेलेल्या आईच्या, एडिथच्या आठवणीने म्हणतेय. मी हट्टाने गेलो. रस्ताभर मी एकच विचार करत होतो, की नॉरिसने कसंही करून तो तडकलेला बॉयलर दुरुस्त केला आणि मला चकित करायचं म्हणून कळवलं नाही. तुला खरं सांगतो, मी नवीन टाय बांधला होता.

दारावरच्या मुलीने मला ओळखलं नाही. ती नवी आहे, तिचा दोष नाही. आत हेदर नावाची कोणी बाई विणकरणीची शाल आणि लाकडी तळाचे बूट घालून माहिती सांगत होती. आणि नॉरिस, चाक फिरत होतं. ते अवाढव्य चाक तसंच, संथ, चाकावरून वरच्या मजल्यांकडे चढणारा प्रत्येक दोर चमकत होता. वाफेचा फुत्कार येत होता. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि लोकांदेखत रडलो. त्या खिळेवाल्या बाईंनी मला रुमाल दिला.

मग मला कळेना, नाकाला काय चुकतंय. गरम तेलाचा वास नव्हता. कोट अंगात होता आणि घाम येत नव्हता. मी लोकांना अडवायच्या दोरीखालून वाकून मार्थाला हात लावला. (हेदरला माहीत नव्हतं, डाव्या सिलिंडरला मार्था म्हणायचं आणि उजव्याला एलेन, तिच्या तक्त्यावर ‘उच्च दाब’ आणि ‘कमी दाब’ लिहिलंय.) मार्था थंडगार होती, चर्चची भिंत असते तशी. चाकामागे जाऊन पाहिलं तर पावाच्या डब्याएवढी एक विजेची मोटर, आणि तिचं रबरी चाक आपल्या चाकाच्या कडेला दाबून बसवलेलं. फुत्कार खांबामागच्या कर्ण्यातून येत होता. रेडिओवाल्यांनी आपलं केलं होतं तेच ध्वनिमुद्रण. त्यात मध्येच एक माणूस खोकतो. तो मीच आहे. त्या वर्षी मला छातीचा त्रास होता.

मी हेदरला विचारलं. ती बिचारी शिकवलेलं बोलली, “बॉयलर वयोमानाने तडकला हो, आता वाफ धरणं शक्य नाही. बाहेर फलक आहे बघा.” फलक मी पाहिला. तुझ्या सहीचा. तेच तर तू मला तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतंस. फक्त तेव्हा तू आणखी एक सांगितलंस, की इंजिनही आता कायमचं थांबलं, कुलूप लागेल, तू येऊन बघू नकोस विल्फ, बघवणार नाही.

तुला आठवतं, मिल बंद झाली तेव्हा भंगारवाल्यांचे ट्रक आले होते? तू तुझी व्हॅन फाटकात आडवी लावलीस आणि किल्ली पँटच्या खिशात टाकून वर बसून राहिलास. त्यांचा मुकादम ओरडत होता, “व्हॅन काढतोस की मी काढू?” आणि तू म्हणालास, “काढ की, पण आधी मला काढावं लागेल, आणि मी सकाळीच भरपेट खाल्लंय.” मी तेव्हा फाटकाच्या आत घाबरून उभा होतो. त्या दिवशी मला वाटलं, या माणसामागे मी कुठेही जाईन. पुढची अकरा वर्षं आपले सगळे शनिवार त्या इंजिनात गेले. गंज खरवडायचा, एडिथच्या डब्यातली बटाट्याची पाई खायची, पुन्हा खरवडायचा. नव्वद साली पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा झडप तिच्या हाताने उघडली. ती म्हणाली, “आता तरी माझा नवरा घरी येईल ना?” आणि तू म्हणालास, “नाही वहिनी, आता तर तो मुळीच यायचा नाही.”

तू बघायचास इंजिन आणि मी बघायचो भट्टी. एकोणीस वर्षांचा असताना मी त्या बॉयलरवर लागलो, नॉरिस. तो तडकला असं कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवीन, पण कुठे ते मला बघायचं असतं. म्हणून मंगळवारी बाकीची मंडळी विणकामाच्या शेडमध्ये गेली तेव्हा मी बॉयलरघरात गेलो. दाराला अजून तीच कडी आहे, उचलून डावीकडे ओढली की सुटते. गिलियनने किल्लीला अडकवून दिलेली छोटी बॅटरी होती. मी भट्टीच्या तोंडातून आत वाकलो आणि भट्ट्यांची दोन्ही नळकांडी हाताने चाचपली, छतापासून खालपर्यंत. तडा नाही. ठिगळ नाही. बाहेर दाराजवळ विमा तपासनीसाची पट्टी होती, बॉयलर तडकला म्हणालास त्यानंतर दोन आठवड्यांची तारीख, आणि खाली ‘योग्य’.

मग मी चहाच्या खोलीत गेलो आणि मॉरीनला म्हटलं, “मॉरीन, बस जरा.” तिच्यावर रागावू नकोस. ती आधी म्हणाली, “विल्फ, केक घे, ताजा आहे.” मग म्हणाली, “मला काही विचारू नकोस बाबा.” मग ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली आणि सगळं सांगून टाकलं.

शेवटची वाफ धरली त्या सप्टेंबरातल्या रविवारचं मला जे आठवतं ते असं. इंजिन बघायला खूप लोक आले होते. मी कोळसा टाकला. मग तू धावत आलास आणि म्हणालास, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीची तोटी तुंबलीय, बाहेर हो, मी बघतो. मी बाहेर जाऊन भिंतीवर बसलो. कोणीतरी लोकांना फुकट चहा जाहीर केला म्हणून अंगण रिकामं झालं. एवढंच. मॉरीन म्हणते, तोटी तुंबली नव्हती. पाणी नव्हतं. मी पाणी सोडायचं विसरलो होतो आणि रिकाम्या नळीसमोर उभा राहून फावड्याने कोळसा टाकत होतो. तू विचारलंस, “विल्फ, पाणी?” आणि मी म्हणालो, “बरोबर आहे.” आणखी थोडा वेळ गेला असता तर भट्टीचं लाल झालेलं छत खचून बॉयलर फुटला असता. शेजारच्या खोलीत चाळीस माणसं होती. तू एकट्याने दोन्ही भट्ट्यांतला विस्तव ओढून बाहेर काढलास. तुझ्या हातावरचा तो डाग तेव्हाचा. मला सांगितलंस, चिप्सच्या तेलाने भाजलं.

मी हे वाचतोय, म्हणजे लिहितोय, आणि पुन्हा वरची ओळ बघतोय. चाळीस माणसं.

त्याबद्दल तुझे आभार मी जन्मभर मानले असते. पण तू मला ती संधीच दिली नाहीस. मॉरीन म्हणते, मिल सांभाळणाऱ्या समितीच्या बैठकीत तू म्हणालास, “विल्फला नको म्हणायची माझ्यात हिंमत नाही. तो आहे तोवर वाफच नको.” आणि सगळ्यांकडून वचन घेतलंस. भंगारवाल्यांच्या ट्रकसमोर बसणारा माणूस माझ्यासमोर खुर्ची ओढून बसू शकला नाही? पाच मिनिटांचं काम होतं. “विल्फ, तू विसरायला लागलायस, फावडं ठेव,” एवढंच म्हणायचं. मी आरडाओरडा केला असता, कदाचित तुला फावडं फेकून मारलं असतं. पण ठेवलं असतं. ऐंशीला आलेला माणूस म्हणजे काही लहान मूल नव्हे.

उलट तू गिलियनला फोन करून मला इथे बोलवायला लावलंस. हेही मंगळवारीच रात्रीच्या जेवणाला कळलं. मी विचारलं आणि तिने मान खाली घातली. मला वाटत होतं, लेकीला आपली आठवण येते म्हणून ती बोलावतेय. मी घर विकलं नॉरिस, एडिथचे गुलाब होते ते घर, कारण तू म्हणालास की इथे आता आपल्यासाठी काही उरलं नाही. निरोपाला स्टेशनवर तू आलास आणि माझ्या गळ्यात पडून रडलास. मीच तुझी समजूत काढली! गाडी सुटल्यावर तू मिलमध्ये गेलास का रे? त्या दिवशी मोटर बसवत होते म्हणे.

आणि मी गेल्यावरही तुम्ही वाफ धरली नाहीत, कारण धरली तर माझ्या कानावर येईल. माझ्यासाठी म्हणून एक खोटं बोललास, मग ते सांभाळायला फलक, कर्णा, रबरी चाक, आणि गावातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं ते त्या कीव आलेल्या डोळ्यांनी. नाताळाला मला आलेली ती पंधरा-सोळा कार्डं. केवढा आनंद झाला होता मला.

माझं म्हणणं साधं आहे. तो फलक काढ. बॉयलर तडकलेला नाही. माझ्या चुकीचा आळ त्याच्यावर घालू नकोस. विचारलं कोणी तर सांग, विल्फ्रेड एंटविसल पाणी सोडायला विसरला. माझं नाव घेऊन सांग. आणि कोणातरी जाणत्या माणसाला हाताशी घेऊन भट्टी पेटव. मला बोलवायची गरज नाही.

आता हे पत्र घाईने का लिहितोय ते. गुरुवारी इथल्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं. मला आकडे मांडता आले नाहीत. त्या म्हणाल्या, जुनं बराच काळ राहील, नवीन आधी जाईल. म्हणजे फाटकातली व्हॅन राहील आणि हा मंगळवार जाईल. तुझ्यावरचा राग जाईल. गिलियन सांगत होती, तू नाताळाला यायचं म्हणतोयस. ये. मी बहुधा दार उघडून तुला मिठी मारीन, एडिथ कुठे गेली म्हणून हाक मारीन, आणि इंजिनाचं कसं चाललंय म्हणून विचारीन. तेव्हा मी हसत असेन. त्याला क्षमा समजू नकोस, नॉरिस. ती मी केलेली नाही. ज्याच्याकडे ती मागायची तो माणूस अजून आहे, पण नाताळापर्यंत थांबेल असं वाटत नाही. यायचं असेल तर आत्ता ये.

आज तरी तुझाच,
विल्फ