दादाच्या भाषणातली सफाई

२ मार्च

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न., आणि उशिराबद्दल कान पकडून वि. वि.

तुझ्या निवृत्तीच्या समारंभाची फिल्म एकदाची तयार झाली. सोबत पेनड्राइव्ह ठेवला आहे. कालच घरच्या ग्रुपवर टाकली, त्यामुळे तुझ्या आधी साऱ्या खानदानाने बघून घेतली. काका म्हणाले, पोरगा असा बोलतो हे आम्हाला कधी कळलंच नाही. आत्या तर रडली.

फोनवर शब्द अडतो म्हणून तू जन्मभर पत्रं लिहिलीस आणि आम्हालाही लिहायला लावलीस. आता स्वतःला ऐकून चकित होशील. जरा सफाई केली आहे. एआयचं एक नवं टूल घेतलंय. खोकला, 'अं', अडलेला शब्द, सगळं काढून टाकतं, आणि जिथे जोड दिसेल तिथे तुझाच आवाज, तुझेच ओठ तयार करून बसवतं. पूर्वी असल्या कामात माझी मान आखडायची. आता चहा संपायच्या आत मोकळी. डॉक्टरीणबाई म्हणतात झोपा, चाला. तर यंत्राच्या कृपेने संध्याकाळी चालते आणि रविवारी पोटभर सिनेमे बघते.

तू कारखान्यात चष्म्याची भिंगं घासून जगाची नजर साफ केलीस, मी तुझं भाषण साफ केलं. फिट्टंफाट.

कसं वाटलं ते लगेच कळव, नाहीतर रुसेन. आहे तेवढा जीव लावत राहा.

तुझी भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दादाऐवजी वहिनीचं अक्षर बघून घाबरू नकोस. ह्यांची तब्येत ठीक आहे. पण हे बोलत नाहीत.

फिल्म बघितली आणि उठून गच्चीवर गेले. तेव्हापासून तोंड बंद. शेजारी, पेपरवाला, लेकीचा फोन, सगळ्यांना मानेनेच उत्तर, आता फोनला मान हलवून काय उपयोग! खोदून विचारलं तर कागदावर लिहून दिलं, की बोलण्यासारखं काही नाही.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. त्या भाषणाची तयारी हे कित्येक महिने करत होते, न्हाणीघरात नळ सोडून. इतकी वर्षं नोकरी केली, पण चारचौघांसमोर उभं राहून बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. तू कॅमेऱ्यात गुंतली होतीस, पण 'आई' या शब्दावर अडकले तेव्हा मी उठून शब्द पुरवणार होते, पण त्यांच्या फोरमनने हातानेच मला थांबवलं. कारखान्याचं सगळं सभागृह थांबलं. कोणी हसलं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. मग शब्द आला. घरी येताना हे म्हणाले, "मला एवढा वेळ आजवर कोणी दिला नव्हता."

फिल्ममध्ये मी तीच जागा शोधत होते. तिथे 'आई' कसं पाण्यासारखं वाहून गेलं.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. पण थोडी रागावले आहे. माया त्याने कमी होत नाही, एवढं धरून चाल.

तुझी वहिनी

२० मार्च

ती. दादास,
आज नमस्कार लिहितानाही हात अडतोय, तरी सा. न.

वहिनीचं पत्र वाचलं आणि स्टुडिओ बंद केला. फिल्मचं संकलन शिकायला जो येईल त्याला मी सांगत असते, थांबलेली जागा कापू नका, माणूस तिथेच सापडतो. हे मी शिकले कुणाकडून? लहानपणी सिनेमात कोणी बोलता बोलता गप्प झालं की तू सरसावून बसायचास आणि हळूच म्हणायचास, याला घाई नाही.

मग तुझीच जागा का कापली? तुझी लाज झाकायला नाही रे, माझी. शाळेत तू अडलास की मी तुझा शब्द पुरा करायचे आणि सगळे मला हुशार म्हणायचे. मला वाटायचं, मी हे प्रेमापोटी करते. पण तू अडलास की घाम मला फुटतो, तो आजही फुटतो. ते प्रेम नव्हतं.

सगळं टूलवर सोपवून मी मूळ चित्रण बघितलंच नव्हतं. ते जसंच्या तसं पाठवावं म्हणून काढलं, तर त्यात याहून वाईट निघालं. तू 'आई'वर अडकलास तेव्हा मी कॅमेरा तुझ्यावरून उचलून छताच्या पंख्यावर नेला, आणि शब्द आल्यावरच खाली आणला. अख्खं सभागृह तुझ्याकडे बघत थांबलं होतं. सख्खी बहीण तेवढी पंखा बघत होती. तुझा तो चेहरा आता कुठेच नाही. टूल म्हणतं, हवा असेल तर बनवून देतो. मी ते बंद केलं.

आहे ते पंख्यासकट पाठवते आहे. ग्रुपवरून पहिली फिल्म काढली आणि का काढली ते लिहिलं.

माफी मागायला तोंड नाही. लोभ असावा असं लिहायचा हक्कही सध्या नाही.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. ते कापता येत नाहीत.

पंखा छान आला आहे. त्यावर एवढी धूळ आहे हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. तुझी वहिनी हसून बेजार झाली.

आता तिलाही मी न सांगितलेलं सांगतो. मी रागावून उठलो असं तिला वाटलं. तसं नव्हतं. ती बाजारात गेली की मी ती फिल्म पुन्हा पुन्हा लावत होतो. मला तो माणूस आवडला गं. मनातल्या मनात मी जन्मभर जसा बोलत आलो, तसा तो माझ्या तोंडाने बोलत होता. आणि तो आवडला याची लाज वाटली. मग सभागृहात घामाघूम होऊन उभा राहिला तो कोण? त्याला तर मीच घराबाहेर काढलं. त्यानंतर तोंड उघडलं की माझा आवाज मलाच फुटक्या भांड्यासारखा लागायचा, म्हणून गप्प होतो. तेव्हा सगळी लाज एकटीने घेऊन बसू नकोस, माझी वाटणी मला दे.

दुसऱ्या पाकिटातलं ऐकलं. वर पंखा फिरतोय आणि खाली मी त्या एका शब्दासाठी झगडतोय. कोणी खोकतसुद्धा नाही. ऐकता ऐकता मीच पुटपुटलो, "चल, येईल." आला. काल पेपरवाल्याशी बोललो. बिचारा सायकलवर एक पाय टेकून पुरं होईपर्यंत थांबला.

तुझ्यावरचा राग मात्र आहे. फिल्मचा कमी, शाळेतल्या त्या शब्दांचा जास्त. तो पत्रात मावणार नाही, तोंडानेच सांगावा लागेल. म्हणून ये. सवड काढून ये, कारण मला सांगायला वेळ लागेल. आणि बाई, तेवढा वेळ माझ्याकडे बघ.

तुझा दादा