जायचा इंग्रजी शब्द

तीर्थरूप कडूबादादास, कुंभार पिंपळगावहून बेबीनंदाचा जयभीम. वहिनीची कंबर कशी हाय? आमचं समदं ठीक हाय, असं पत्रात लिव्हावं लागतं म्हणून लिव्हलं. ठीक काहीच न्हाई.

तुला माहीतच हाय, सातवी पास झाले तर बालवाडीवर बाईची जागा मिळंल. परीक्षा आठ दिवसावर हाय, परतूरला. आमच्या गावचे काकासाहेब मास्तर शिकवून राह्यले. ते म्हणले, इंग्रजीत गो, वेन्ट, गॉन एवढं पाठ कर, बराबर इचारतेत. मी भिवाचा पाळणा हलवत तेच घोकत बसले. सासूबाईनं इचारलं, काय बडबडून राह्यलीस? मी येडी, खरं सांगितलं: जा, गेला, गेलेला.

मंग काय इचारतू! "घरातून निघताना बी माणूस येतो म्हणतंय, अन् तू लेकराच्या उशाला गेला गेला करती?" पुस्तक त्यांनी पिठाच्या डब्यात कोंबलं. अन् दादा, त्याच दुपारी भिवाला ताप आल्ता. (दात येऊन राह्यले, मला बी कळतंय. पण कळून भ्या थोडंच कमी होतंय?) ताप उतरला, पण तवापासून तो शब्द माझ्या तोंडातच येईना.

काल मास्तरानं परीक्षेसारखंच लिव्हायला लावलं: घरच्या पाच माणसाचं नाव घ्या अन् कोण कुठं गेलं ते इंग्रजीत लिव्हा. मी पाचीच्या पाची जागी कम लिव्हलं. कम म्हणजे येणं. (माझा हातच वळंना.) मास्तर म्हणले, "बेबीनंदा, तुझ्या कागदात समदे येऊनच राह्यले, जाईना कुणीच! एवढ्या लोकाच्या भाकरी कोण थापणार?" समदे हसले. मी रडले. मास्तर म्हणले, असंच लिव्हलं तर जागा गेली समज. (त्यांच्या तोंडून कसा सरळ निघतो तो शब्द!)

नापास झाले तर पुन्हा भिवाला बांधावर झोळीत टाकून कापूस येचायचा. मला बिलकुल काही सुचंना.

तुझी बहीण,
बेबीनंदा

ता. क. आत्ताच सासूबाईनं पुस्तक आणून दिलं, पीठ झटकून. म्हणल्या, "लिव्ह बाई तो मेला शब्द. लेकराचं नाव घेऊ नको, माझं टाक. चांगुणाबाई गेली, असं लिव्ह. मी जगून बसले." मी पेन्सिल धरली, पण दादा, ते बी लिव्हवंना.

आणखी ता. क. मंग तुझं नाव टाकू का? तुझ्या आधीचे दोघं जगले न्हाईत म्हणून आईनं मुद्दाम तुझं नाव कडूबा ठेवलं, अन् तुला अजून काही झालं न्हाई. वहिनीला इचारू नको. जल्दी कळव.